दोनदा मृत्यूच्या दारातून परतलेला सेनापती

देव तारी त्याला कोण मारी, ही म्हण आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. कोणी विहिरीत पडून वाचला, कोणाला नाग डसूनही तो उठून बसला, की ही म्हण हटकून निघते आणि तिथेच विषय संपतो. माणूस का वाचला, कसा वाचला आणि वाचल्यावर त्याच्या आयुष्याचे पुढे काय झाले, हे प्रश्न कोणी विचारीत नाही. आमच्या वाडीत माझे एक चुलते आहेत. त्यांना सारे तात्या म्हणतात. मी शाळेतही जात नव्हतो तेव्हा ते आंबे उतरविताना झाडावरून खाली आले, ते डोक्यावरच. वाचले. गावाने देवाला नारळ फोडला आणि त्याच दिवसापासून तात्यांना कामातून गेलेला माणूस ठरविले. डोक्याला मार बसला म्हणजे संपले, अशी एकदा समजूत झाली की ती काही केल्या जात नाही.

इतिहासाच्या तासाला नेपोलियनची रशियावरील स्वारी शिकत असताना मला या समजुतीला छेद देणारे एक चरित्र भेटले. नेपोलियनच्या महासेनेला ज्याने रशियाबाहेर घालविले त्या म्हाताऱ्या सेनापतीला पूर्वी एकदा नव्हे तर दोनदा डोक्यात बंदुकीची गोळी लागली होती, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. मिखाइल इलारिओनोविच कुतुझोव हे त्याचे नाव. त्याचीच ही कहाणी.

कुतुझोवचा जन्म सेंट पीटर्सबर्गचा. जन्मवर्ष पूर्वी 1745 मानीत, अलीकडे 1747 मानतात. वडील लष्करात स्थापत्यविशारद होते. किल्ले, कालवे, तटबंदी हे त्यांचे क्षेत्र. मुलगा तोफखाना व स्थापत्य शिकविणाऱ्या लष्करी शाळेत गेला आणि गणितात व भाषांत इतका पुढे निघाला की लवकरच तिथेच इतरांना शिकवू लागला. पुढे तो आस्त्राखान पलटणीत एका कंपनीचा नायक झाला. त्या पलटणीचा प्रमुख होता सुवोरोव. रशियाच्या इतिहासातील हा थोर सेनानी पुढे आयुष्यभर त्याचा एक गुरूच ठरला.

1768 मध्ये रशिया आणि तुर्कस्तान यांचे युद्ध जुंपले. 1770 साली लार्गा आणि कागूल या लढायांत तरुण कुतुझोव चमकला. मात्र याच काळात त्याच्या आयुष्यात एक अगदी क्षुल्लक वाटणारी घटना घडली. तिच्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण शेवटी आपल्याला तिच्याकडे परत यावयाचे आहे. कुतुझोव हा मुळात मोकळ्या, थट्टेखोर स्वभावाचा. दुसऱ्यांच्या नकला करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. 1772 मध्ये मित्रांच्या बैठकीत त्याने खुद्द सरसेनापती रुम्यांत्सेवची चाल आणि बोलणे हुबेहूब करून दाखविले. बैठक हसली. पण कोणीतरी ही गोष्ट वरपर्यंत पोहोचविली. रुम्यांत्सेवला ती रुचली नाही आणि कुतुझोवची बदली दूर क्रिमियातील सैन्यात झाली. चरित्रकार सांगतात, की त्या दिवसापासून त्याने आपली जीभ आणि आपले मन दोन्हींना कुलूप लावले. मनात काय आहे ते चेहऱ्यावर उमटू द्यावयाचे नाही, ही सवय त्याला लागली ती येथून.

आणि क्रिमियातच त्याला पहिली गोळी लागली.

1774 च्या जुलैत रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात तह झाला. परंतु त्या काळी बातमी घोड्याच्या आणि जहाजाच्या वेगानेच पोहोचे. तहावर सह्या होऊन जवळजवळ दोन आठवडे उलटल्यावर, क्रिमियाच्या किनाऱ्यावर अलुश्ता येथे उतरलेल्या तुर्की फौजेशी रशियनांची लढाई झाली. जवळच्या शुमा नावाच्या खेड्यापाशी तुर्कांनी मोर्चे बांधले होते. आपल्या ग्रेनेडियर पलटणीच्या अग्रभागी राहून कुतुझोव त्या मोर्च्यांवर चालून गेला. गोळी डाव्या कानशिलातून शिरली आणि उजव्या डोळ्याजवळून बाहेर पडली. जे युद्ध कागदावर संपले होते त्यात हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा तरुण मरणाच्या दारात जाऊन पडला. तो जगेल असे कोणालाच वाटत नव्हते.

तो जगला. येथे आपली म्हण पुरी पडते का, हे पाहू या.

डोक्यात गोळी लागलेल्या दहा जणांपैकी नऊ जण वाचत नाहीत, असा आजच्या काळातीलही सर्वसाधारण अनुभव आहे. मग उरलेला एक कसा वाचतो? पहिली गोष्ट म्हणजे गोळीची वाट. मेंदू हा काही सगळा सारखा एक गोळा नाही. मानेकडे देठासारखा जो भाग उतरतो तो श्वास आणि रक्ताभिसरण चालवितो. त्याला धक्का लागला तर क्षणात सारे आटोपते. मेंदूच्या गाभ्यातून गोळी गेली, किंवा मोठी रक्तवाहिनी फुटली, तरीही आशा थोडीच. परंतु कपाळामागचा जो पुढचा भाग आहे त्याला इजा झाली तर माणूस जगू शकतो. कुतुझोवच्या डोक्यातून गेलेली गोळी याच पुढच्या भागातून, डोळ्यांच्या मागून आडवी गेली. बोटभर मागे गेली असती तर हा लेख लिहिण्याचे कारणच उरले नसते.

दुसरी गोष्ट गोळीचा वेग. त्या काळची बंदूक ठासणीची, आतून गुळगुळीत नळीची. तिची शिशाची गोल गोळी हवेतून जाताना झपाट्याने मंदावे. आजच्या रायफलीची गोळी कितीतरी पट वेगवान असते. वेग दुप्पट झाला की गोळीतील शक्ती चौपट होते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. वेगवान गोळी नुसते भोक पाडीत नाही, तर आपल्या वाटेच्या आजूबाजूचा मेंदूही फाडून टाकते. मंद गोळी मात्र बव्हंशी आपल्या वाटेपुरतेच नुकसान करते.

तिसरी गोष्ट सूज. कवटी ही एक बंद पेटी आहे. मार बसलेला मेंदू सुजतो, आत रक्त साकळते आणि जागा नसल्यामुळे मेंदू स्वतःच्याच भाराने दडपला जातो. गोळीने न मेलेला माणूस पुष्कळदा या दाबाने मरतो. म्हणूनच आजचे शल्यविशारद प्रसंगी कवटीचा तुकडा काढून ठेवतात आणि सूज उतरल्यावर परत बसवितात. आरपार गेलेल्या गोळीने मागे ठेवलेल्या वाटा कधीकधी रक्ताला आणि पुवाला बाहेर पडायला उपयोगी पडतात, असा हा चमत्कारिक न्याय आहे.

आणि चौथी गोष्ट म्हणजे जखम पिकणे. 1774 साली भूल देण्याचे औषध नव्हते, ते 1846 मध्ये आले. जंतुनाशकाने जखम धुण्याची लिस्टरची पद्धत 1867 ची. क्ष-किरण 1895 चे आणि पेनिसिलिन तर 1928 चे. म्हणजे कुतुझोवच्या उशाशी बसलेल्या वैद्याजवळ हात, हत्यारे आणि अनुभव यांखेरीज काही नव्हते. गोळी शोधण्यासाठी जखमेत बोटे घालण्याची त्या काळी रीतच होती आणि त्यापायी किती जखमी दगावले असतील याची गणती नाही. येथे गोळी आत राहिलीच नव्हती, त्यामुळे ती शोधण्याचा प्रश्नच उरला नाही.

तेव्हा देवाने तारले हे खरेच. पण देवाने तारताना गोळीची वाट, तिचा वेग आणि वैद्याचे हात या साधनांनीच तारले, असे म्हणावे लागते.

सम्राज्ञी कॅथरिनने त्याला सेंट जॉर्ज पदकाचा चौथा वर्ग दिला आणि उपचारांसाठी परदेशी पाठविले. सुमारे दोन वर्षे तो युरोपात होता. उजवा डोळा तिरळा झाला होता. डोके दुखे, डोळ्यांत कळा येत. परंतु या दोन वर्षांत तो नुसता पडून राहिला नाही. तेथील सैन्ये कशी चालतात ते त्याने पाहिले, वाचन केले आणि बरा होऊन थेट सैन्यात परतला. 1778 मध्ये येकातेरिना बिबिकोवा हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्यांना पाच मुली झाल्या. एक मुलगा झाला होता, तो तान्हा असतानाच गेला. 1785 साली बूग नदीच्या काठी कुतुझोवने नेमबाज पायदळाचे एक पथक उभे केले. विरळ रांगेत पसरून, आडोसा घेऊन, नेम धरून लढण्याचे शिक्षण तो आपल्या शिपायांना स्वतः देई.

याच पथकाला घेऊन तो 1788 मध्ये काळ्या समुद्रावरील ओचाकोव किल्ल्याच्या वेढ्यात होता. ऑगस्टमध्ये तुर्कांनी किल्ल्याबाहेर पडून छापा घातला आणि त्या झटापटीत कुतुझोवच्या डोक्यात दुसरी गोळी घुसली. ती गालातून शिरून मानेच्या मागील बाजूने निघाली असे बहुतेक चरित्रकार लिहितात. पुन्हा छावणीत त्याच्या मृत्यूची वाट पाहणे सुरू झाले. त्याच्यावर उपचार करणारा मासो हा फ्रेंच शल्यवैद्य होता. वैद्यकशास्त्राच्या सर्व नियमांप्रमाणे मरावयाला हवा होता असा माणूस दोनदा वाचतो, त्या अर्थी नियतीने त्याला कोणत्या तरी मोठ्या कामासाठी राखून ठेवले असावे, असा अभिप्राय या मासोने नोंदविला. ते मोठे काम येण्यास अजून चोवीस वर्षे होती.

या चोवीस वर्षांकडे आपले सहसा लक्ष जात नाही. चमत्कार सगळे पाहतात, चमत्कारानंतरचे रोजचे काम कोणी पाहत नाही. 1790 च्या डिसेंबरात इझमाईल किल्ल्यावरील भयंकर हल्ल्यात सहावी तुकडी कुतुझोवकडे होती. किल्ला पडण्यापूर्वीच सुवोरोवने त्याला इझमाईलचा किल्लेदार नेमल्याचा निरोप धाडला होता, असे सांगतात. पुढे तो कॉन्स्टँटिनोपलला राजदूत म्हणून गेला. ज्यांच्या गोळ्या दोनदा झेलल्या त्यांच्याच दरबारात जाऊन गोडीगुलाबीने बोलणी करावयाची होती. हेही काम त्याने उत्तम पार पाडले. 1794 पासून तो पीटर्सबर्गच्या सैनिकी विद्यालयाचा प्रमुख होता. थोडा काळ राजधानीचा लष्करी गव्हर्नर झाला. 1802 साली झार अलेक्झांडर पहिला याच्या मनातून उतरल्याने घरी बसला आणि तीन वर्षे आपल्या जमिनीची शेती पाहत राहिला. डोक्यात दोन गोळ्या लागलेला हा माणूस शिपाई, शिक्षक, वकील, प्रशासक आणि शेतकरी असे सर्व काही करीत होता.

1805 मध्ये नेपोलियनशी सामना ठरला तेव्हा झारला पुन्हा कुतुझोवची आठवण झाली. ऑस्ट्रियाची फौज उल्म येथे शरण गेली होती. एकाकी पडलेले रशियन सैन्य कुतुझोवने डॅन्यूबच्या काठाकाठाने, मागे हटत, मधूनच उलटून तडाखा देत सुखरूप परत आणले. आता थांबावे, कुमक येऊ द्यावी, लढाई देऊ नये असे त्याचे मत होते. तरुण झारला आणि त्याच्या सल्लागारांना विजयाची घाई झाली होती. 2 डिसेंबर 1805 रोजी ऑस्टरलिट्झ येथे लढाई झाली आणि नेपोलियनने दोन सम्राटांच्या सैन्याचा चुराडा केला. कुतुझोवच्या गालाला या लढाईतही जखम झाली. त्याचा एक जावई मात्र त्याच रणांगणावर प्राणघातक जखमी होऊन मरण पावला. अपयशाचे खापर अर्थातच म्हाताऱ्याच्या डोक्यावर फुटले. ते डोके आता अशा आघातांना सरावले होते.

मग 1812 साल उजाडले. मे महिन्यात कुतुझोवने तुर्कांशी बुखारेस्टचा तह घडवून रशियाची दक्षिण बाजू मोकळी केली. 24 जून रोजी नेपोलियनने नीमन नदी ओलांडली. त्याच्या एकंदर फौजेची संख्या सहा लाखांच्या घरात जाते. बार्कले द तोली हा सेनापती शहाणपणाने मागे हटत होता, परंतु लोक त्याला भ्याड म्हणू लागले. लोकांचा आवाज ऐकून झारने ऑगस्टमध्ये नाखुशीने कुतुझोवला सरसेनापती नेमले. वय पासष्टीला टेकलेले, देह स्थूल, घोड्यावर बसणे कठीण, एक डोळा जवळजवळ निकामी. आणि गंमत अशी, की सूत्रे हाती घेतल्यावर त्यानेही बार्कलेप्रमाणेच माघार चालू ठेवली!

7 सप्टेंबरला बोरोदिनो येथे लढाई झाली. दोन्ही बाजूंची मिळून सत्तर हजारांच्या आसपास माणसे एका दिवसात मेली किंवा जखमी झाली. 13 सप्टेंबरला फिली या खेड्यात एका शेतकऱ्याच्या झोपडीत सेनानींची बैठक बसली. मॉस्कोसाठी आणखी एक लढाई द्यावी की मॉस्को सोडावे? कुतुझोवने सोडावयाचे ठरविले. शहर गेले तरी सैन्य राहील, सैन्य गेले तर दोन्ही जातील, हा त्याचा हिशेब होता.

हा हिशेब बरोबर ठरला, हे आपण परीक्षेत लिहितो. परंतु त्याची किंमत लिहीत नाही. बोरोदिनोहून आणलेले हजारो जखमी मॉस्कोत मागे राहिले. सगळ्यांना नेण्याइतक्या गाड्या नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी शहराला आगी लागू लागल्या आणि त्यांत कित्येक जखमी होरपळून गेले. ज्याच्या उशाशी वैद्य बसले, ज्याला सम्राज्ञीने खर्च करून परदेशी पाठविले, त्याच माणसाच्या हुकमाने असंख्य जखमी मरणाच्या हवाली झाले. हा प्रसंग वाचताना मला कुतुझोवचा राग आला होता, हे कबूल करतो. तो लपवून चरित्र लिहिणे मला खरेपणाचे वाटत नाही. त्यालाही त्या रात्री स्वतःची 1774 ची खाट आठवली असेल काय? त्याने ते कोणाला कळू दिले नाही.

पुढची हकीगत सर्वांना परिचित आहे. सैन्य दक्षिणेस वळवून त्याने तारुतिनो येथे तळ दिला, अन्न आणि शिपाई जमविले आणि वाट पाहिली. नेपोलियन पाच आठवडे जळक्या शहरात तहाची वाट पाहून 19 ऑक्टोबरला निघाला. मालोयारोस्लावेत्स येथे कुतुझोवने त्याची दक्षिणेची वाट अडविली आणि ज्या उद्ध्वस्त रस्त्याने तो आला होता त्याच रस्त्याने त्याला परत जावे लागले. भूक, थंडी आणि पाठलाग यांनी महासेना संपली. पाठलागात रशियनांचेही निम्म्याहून अधिक सैन्य आजाराने आणि गारठ्याने गळाले, हेही विसरता कामा नये. कुतुझोवला स्मोलेन्स्कचा प्रिन्स ही पदवी मिळाली. सेंट जॉर्ज पदकाचे चारही वर्ग मिळविणारा तो पहिला मनुष्य. चौथा वर्ग त्याला पहिल्या गोळीसाठी मिळाला होता, पहिला वर्ग या विजयासाठी.

आता एका शास्त्रीय वादाकडे वळतो. 2015 साली अमेरिकेतील काही मेंदुशल्यतज्ज्ञांनी कुतुझोवच्या जखमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या गोळीने त्याच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली, त्यामुळे त्याचा स्वभाव बदलला आणि मॉस्को सोडण्यासारखा इतरांना वेडा वाटणारा निर्णय त्याने घेतला त्याच्या मागे ही इजाही असावी, असा त्यांचा तर्क आहे. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना येथे फिनिआस गेज आठवेल. 1848 मध्ये सुरुंगाची पहार डोक्यातून आरपार जाऊनही वाचलेला आणि स्वभावाने पालटलेला तो अमेरिकन कामगार. तेव्हा हा तर्क अगदीच निराधार आहे असे मी कसे म्हणू?

तरीही मला तो पटत नाही. मघाशी लक्षात ठेवावयास सांगितलेली 1772 ची नक्कल येथे उपयोगी पडते. कुतुझोव मिटून गेला, सावध झाला, तो गोळी लागण्याच्या दोन वर्षे आधी, एका बदलीच्या धड्याने. मागे हटण्याचे धोरण तर बार्कलेचेही होते आणि त्याच्या डोक्यात काही गोळी गेली नव्हती. फिलीच्या बैठकीत मॉस्को सोडावे असे बार्कलेही म्हणाला. शहाणपण दिसले की त्याचे श्रेय जखमेला द्यावयाचे आणि चूक झाली की दोषही जखमेलाच द्यावयाचा, म्हणजे मधला माणूस गेला कोठे? जखम माणसाला काही काळ आडवे करते, त्याचे काही हिरावूनही घेते. पण जखमेनंतर तीसचाळीस वर्षे तो जे शिकतो, सोसतो आणि ठरवितो ते त्याचे स्वतःचे असते.

28 एप्रिल 1813 रोजी सायलेशियातील बुंझलाऊ येथे कुतुझोव आजाराने मरण पावला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. त्याचा देह पीटर्सबर्गच्या काझान कॅथीड्रलमध्ये विसावला आहे. टॉल्स्टॉयने आपल्या युद्ध आणि शांती या कादंबरीत त्याला अमर केले. चित्रपटवाल्यांनी मात्र त्याच्या डोळ्यावर काळी पट्टी बांधली. त्याच्या हयातीतील चित्रांत अशी पट्टी दिसत नाही. लोकांना जखम दिसावयास हवी असते, हेच खरे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी बांधाचा वाद निघाला. जुने कागद मी वाचून दाखवीत होतो, पण खुणेचे दगड नेमके कोठे, हे कोणाला सांगता येईना. तात्या नेहमीप्रमाणे ओटीवर बसले होते. त्यांना कोणी विचारले नव्हते. मी जाऊन विचारले. ते उठले, काठी घेतली आणि एकामागून एक चारही दगड त्यांनी दाखविले. चौथा दगड करवंदीच्या जाळीत पुरता झाकला गेला होता. वाटेत ते दोनदा थांबले, एकदा माझे नाव विसरले, पण दगड विसरले नाहीत.

देव तारी त्याला कोण मारी, ही म्हण खरीच आहे. पण तारलेल्या माणसाला आपण जिवंतपणी मोडीत काढू नये, एवढी तिला जोड हवी.